पत्त्याच्या कागदावाचून अडलेले सत्र

## पार्श्वभूमी

अर्थशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षातली एक भारतीय विद्यार्थिनी विद्यापीठांमधल्या अदलाबदल कराराखाली हिवाळी सत्रासाठी बर्लिनला गेली. तिची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. जर्मनीत हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते. व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि त्यानंतर परीक्षा होतात. करारामुळे तिला शिकवणी शुल्क नव्हते. सत्रशुल्क भरावे लागले, पण स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांमध्ये देशभर चालणारा प्रवासपास त्यातच येत असल्याने शहरातल्या फिरण्याचा वेगळा खर्च उरला नाही.

वरवर पाहता तयारी चोख होती. व्हिसा २० सप्टेंबर ते ३१ मार्च असा पूर्ण मुक्कामाचा मिळाला होता, त्यामुळे तिथे जाऊन वेगळा निवास परवाना काढायचा नव्हता. निर्वाहाची हमी म्हणून श्पेरकोंटो हे गोठवलेले खाते उघडून त्यात महिना ९९२ युरोंच्या हिशेबाने सहा महिन्यांचे ५,९५२ युरो भरले होते. विद्यार्थी व्हिसासाठी ही मासिक रक्कम सप्टेंबर २०२४पासून लागू आहे. खात्यातले पैसे एकरकमी काढता येत नाहीत. दर महिन्याला एक हप्ता आपल्या चालू खात्यात सुटतो. आरोग्य विमा सार्वजनिक विमा संस्थेचा होता आणि तो १ ऑक्टोबरला सुरू होणार होता. त्याआधीच्या आठवड्यापुरता प्रवास विमा काढलेला होता.

अभ्यासाचा करारही मे महिन्यातच सह्या होऊन तयार होता : पाच विषय, प्रत्येकी ६ ईसीटीएस श्रेयांक (ईसीटीएस ही युरोपातली समान श्रेयांक पद्धत), एकूण ३०. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते, त्यामुळे ३० श्रेयांक म्हणजे पूर्ण वेळचे सत्र. मायदेशातल्या विद्यापीठाने किमान २४ श्रेयांकांची अट घातली होती.

राहिली होती खोली. जूनमध्ये वसतिगृहासाठी केलेला अर्ज सप्टेंबर उजाडला तरी प्रतीक्षायादीतच होता. तेव्हा तिने वेडिंग भागात २४ सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर अशी एक खोली ६२० युरोंना घेतली. पुढचे तिथे गेल्यावर बघायचे ठरले. जाहिरातीच्या तळाला एक ओळ होती : आनमेल्डुंग शक्य नाही. आनमेल्डुंग म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंदणी. ओळ तिने वाचली होती, पण महिनाभराच्या खोलीला नोंदणी कशाला हवी, असे वाटून ती पुढे गेली.

## समस्या

सत्रभर राहायला आलेल्या माणसाने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. बर्लिनमध्ये हे काम ब्युर्गरआम्ट या नागरिक सेवा कार्यालयात होते. भाडेकरार दाखवून भागत नाही. घर देणाऱ्याने सही केलेले वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे अमुक व्यक्ती अमुक तारखेला या घरात राहायला आली असे पत्र, लागतेच. वेडिंगची खोली देणारा स्वतः भाडेकरू होता आणि पोटभाडेकरू ठेवायला त्याने मालकाची परवानगी घेतलेली नव्हती. असे पत्र दिले की त्याचेच बिंग फुटणार, म्हणून तो देईना.

मग एकात एक अडकत गेले. तिने निवडलेल्या बँकेला खाते उघडायला नोंदणीचा दाखला हवा होता. चालू खाते नाही, म्हणून गोठवलेल्या खात्यातून हप्ता सुटेना. विम्याचा मासिक हप्ताही बँक खात्यातूनच वळता व्हायचा होता, त्यामुळे तो थकू लागला. कागदावर ५,९५२ युरो तिच्या नावावर पडून होते, आणि हातात होते परकीय चलन कार्डावर आणलेले १,४०० युरो. त्यातून जेवणखाण, गादीवरच्या चादरी-पांघरुणांपासून भांड्यांपर्यंतची खरेदी, सिमकार्ड, सप्टेंबरातला प्रवास असे करता करता ८ ऑक्टोबरला ७८० उरले.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचे वर्गवेळापत्रक हाती आले आणि अभ्यासाच्या करारालाही तडे दिसू लागले. पाचांपैकी श्रम अर्थशास्त्र हा विषय फक्त उन्हाळी सत्रात शिकवला जात होता. सार्वजनिक वित्ताचे व्याख्यान इंग्रजीत होते, पण त्याला जोडलेला उदाहरणे सोडवण्याचा तास, ज्याला तिथे यूबुंग म्हणतात, तो जर्मनमध्ये होता. तिने ते पाहिले आणि बाजूला ठेवले. आधी खोलीचे मिटू दे, असा तिचा विचार होता.

## खोलीचे पर्याय

पाच-सहा दिवसांत तिने चाळीसच्या आसपास जाहिरातींना लिहिले. उत्तरे सात आली. त्यातली एक उघड फसवणूक होती : प्रेन्झलाउअर बेर्गसारख्या महाग वस्तीत ३९० युरोंची खोली, मालक परदेशात, पैसे आधी पाठवा, किल्ली कुरियरने येईल. बर्लिनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात हा सापळा हमखास लावलेला असतो. खोली आतून न पाहता आणि देणाऱ्या माणसाला न भेटता एक युरोही पाठवायचा नाही, हे तिला विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाने बजावले होते आणि तिने ते पाळले. विचार करण्याजोगे चार मार्ग उरले.

पहिला मार्ग नुसता पत्ता विकत घेण्याचा. दीडशे युरो द्या, नोंदणीचे पत्र घ्या, राहा कुठेही, अशा जाहिराती विद्यार्थ्यांच्या गटांत फिरत असतात. प्रत्यक्ष राहणे नसताना असे पत्र देणे आणि नोंदणीसाठी पत्ता पुरवणे जर्मन नोंदणी कायद्याने निषिद्ध आहे आणि त्यासाठी ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. उशिरा नोंदणी केल्याचा दंड याच्या पासंगालाही पुरत नाही. त्याची कमाल मर्यादा १,००० युरो आहे. शिवाय अशा पत्त्यावर येणारी पत्रे आपल्याला मिळतीलच याची काही खात्री नाही. बँकेचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, करक्रमांक, विमापत्र, सगळे तिथे टपालाने येते. हा मार्ग तिने लगेच सोडला आणि ते योग्यच होते.

दुसरा मार्ग शहराच्या कडेला ४८० युरोंच्या खोलीचा. देणारी मुलगी पत्र द्यायला तयार होती, पण मालकाची परवानगी आहे का या प्रश्नावर ती गुळमुळीत उत्तर देई. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर मालक मूळ भाडेकरूचा करार मोडू शकतो, आणि मूळ करार गेला की पोटभाडेकरूच्या पायाखालची जमीनही जाते. जानेवारीत, ऐन परीक्षेच्या तोंडावर, सामान घेऊन बाहेर पडायची पाळी येऊ शकते.

तिसरा मार्ग लिश्टेनबेर्गमध्ये तिघांच्या सामायिक घरातल्या खोलीचा होता. वीज, पाणी, हीटिंग धरून ५६० युरो, त्यातले निव्वळ भाडे ४४०. मालकाची लेखी परवानगी तिला दाखवली गेली, मुदत ३१ मार्चपर्यंत, अनामत १,००० युरो. अडचण एवढीच की खोली १५ ऑक्टोबरपासून घ्यायची होती. वेडिंगचे भाडे तर २३पर्यंत भरून झालेले. नऊ दिवसांचे दुहेरी भाडे अंगावर पडणार होते.

चौथा मार्ग खासगी वसतिगृहातल्या सुसज्ज खोलीचा. ८९० युरो, पत्र पहिल्याच दिवशी. पण महिना ९९२ मध्ये ८९० भाडे आणि दीडशेच्या आसपास विमा हे बसतच नाही. घरून दरमहा पैसे मागवायची तयारी असेल त्यालाच हे परवडते.

## पहिला निर्णय

तिने तिसरा मार्ग धरला. तो धरताना दुहेरी भाड्यावरून ती दोन दिवस अडून बसली होती. नऊ दिवसांचे साधारण दीडशे युरो पाण्यात जातात असे तिला वाटत होते आणि २४ तारखेपासून खोली देता का, असे तिने विचारूनही पाहिले. मूळ भाडेकरूकडे दुसरे दोघे रांगेत होते. इथे हिशेब नीट मांडायला हवा. गोठलेले पैसे जितके लवकर मोकळे होतील तितके चांगले, आणि ते मोकळे होण्याची पहिली पायरी राहायला गेल्याची तारीख होती. नोंदणी कार्यालयाच्या वेळा आठवडे-आठवडे मिळत नसताना नऊ दिवस आधी सुरुवात करणे दीडशे युरोंपेक्षा मोलाचे होते.

पैशांचा दुसरा पेच अनामतीचा. जर्मन कायद्यानुसार घराची अनामत निव्वळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही. इथे ती मर्यादा १,३२० होती, म्हणजे हजाराची मागणी नियमात बसत होती. पण त्याच कायद्यात भाडेकरूला ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे आणि पहिला हप्ता राहायला जाताना द्यायचा असतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसते, आणि मागितल्याशिवाय कोणी आपणहून देत नाही. तिने नम्रपणे विचारले, समोरच्याने मान्य केले. मग १५ ऑक्टोबरला द्यायचे झाले ते असे : अर्ध्या महिन्याचे भाडे २८० आणि अनामतीचा पहिला हप्ता ३३४, मिळून ६१४. तोवर हातातले ७८० थोडे घटले होते, म्हणून घरून कार्डावर आणखी ५०० युरो मागवून घेतले.

सही करण्याआधी तिने मूळ भाडेकराराचे पहिले पान, मालकाच्या परवानगीचे पत्र आणि पोटभाडेकरार शेजारी शेजारी ठेवून नावे आणि पत्ते जुळवले. खोलीचा ताबा घेताना दोघींनी एक नोंदपत्र केले : भिंतीवरचे ओरखडे, खिडकीच्या कोपऱ्यातली काळसर बुरशी, गादीवरचा डाग, किल्ल्यांची संख्या. प्रत्येकाचा तारीख असलेला फोटो काढला. बुरशीची ती नोंद मार्चमध्ये कामाला आली. हिवाळ्यात बंद खोलीत कपडे वाळत घातले की बुरशी धरते आणि तिचा खर्च अनामतीतून कापायला बघतात. ती आधीपासून होती हे फोटोत दिसत होते.

## नोंदणी

मुदत २९ ऑक्टोबरपर्यंत होती. संकेतस्थळावर मिळत असलेली सर्वांत जवळची वेळ होती ६ नोव्हेंबरची. मुदतीच्या आत वेळ आरक्षित केलेली असली आणि तसा पुरावा जवळ असला तर उशिराबद्दल सहसा कोणी हटकत नाही, त्यामुळे ६ नोव्हेंबर घेऊन स्वस्थ बसणे हा एक रास्त पर्याय होता. तिने ती वेळ घेतली, पण शोध थांबवला नाही. बर्लिनमध्ये आपल्याच प्रभागाच्या कार्यालयात जावे लागत नाही, बाराही प्रभागांतले कोणतेही कार्यालय चालते. रद्द झालेल्या वेळा दिवसभरात अधूनमधून यादीत परत येतात, सकाळी जास्त. सलग तीन सकाळी पान ताजे करत राहिल्यावर तिला श्पांडाउमध्ये २२ ऑक्टोबरची वेळ मिळाली. श्पांडाउ शहराच्या पार पश्चिमेला आणि लिश्टेनबेर्ग पूर्वेला, पण प्रवासपास होताच. मिळताक्षणी तिने ६ तारखेची वेळ रद्द केली. दुसऱ्या कोणाची तरी सोय होते, म्हणून हे आवर्जून करायला हवे.

आदल्या रात्री कागद तपासताना एक त्रुटी सापडली. घर देणारा स्वतः मालक नसेल तर पत्रात मालकाचे नावही असावे लागते, आणि तिच्या पत्रातली ती ओळ कोरी होती. पत्रात एकूण पाच गोष्टी हव्यात : घर देणाऱ्याचे नाव आणि पत्ता, तो मालक नसल्यास मालकाचे नाव, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहायला आलेल्यांची नावे. मूळ भाडेकरू त्या वेळी घरात होती म्हणून ओळ भरली गेली. नाहीतर श्पांडाउहून हात हलवत परत यावे लागले असते.

कार्यालयात पासपोर्ट, व्हिसा, भरलेला अर्ज आणि हे पत्र एवढेच लागले. शुल्क नव्हते. दहा मिनिटांत शिक्क्याचा दाखला हातात पडला. त्याच दुपारी तिने बँकेत खात्याचा अर्ज दिला.

## टपालपेटी

इथून सगळे सुरळीत व्हायला हवे होते. पण बँकेने कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक अशी दोन वेगवेगळी पत्रे वेगवेगळ्या दिवशी पाठवली आणि दोन्ही परत गेली.

कारण साधे होते. बर्लिनच्या जुन्या इमारतींत घरांना क्रमांक नसतात. दारावरच्या घंटेवर आणि तळमजल्यावरच्या टपालपेटीवर आडनाव असते आणि टपालवाला पत्रावरचे आडनाव पेटीवरच्या आडनावाशी जुळवतो. नाव नसेल तर पत्र "पत्त्यावर आढळत नाही" असा शेरा मारून परत जाते. तिचे घर मागच्या अंगणातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते आणि पेटीवर जुन्या दोघांचीच नावे होती. नवे नाव लावायला एक कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी लागते. ती लागली नव्हती.

बँकेने पत्रे पुन्हा पाठवली, ती १० नोव्हेंबरला आली. दरम्यान खाते क्रमांक मिळालेला असल्याने गोठवलेल्या खात्याचा पहिला हप्ता ३ नोव्हेंबरला जमा झाला होता. बँकेची शाखा शहरात होती म्हणून बरे. पासपोर्ट दाखवून काउंटरवर रोख काढता आली आणि भाड्याचे हस्तांतर छापील अर्जावर करता आले. फक्त ऑनलाइन चालणारी बँक निवडली असती तर हप्ता डोळ्यांसमोर असून आठवडाभर हात लावता आला नसता. मूळ भाडेकरूच्या नावाने "हिच्या घरी" असा उल्लेख पत्त्यात टाकणे हाही एक उपाय आहे. पेटीवर नाव लागेपर्यंत सगळीकडे तसाच पत्ता द्यावा.

त्यानंतरचा महिन्याचा हिशेब असा बसला : भाडे ५६०, विमा १४७, जेवणखाण २२०, फोन १०, आणि रुंडफुंकबायट्राग या सार्वजनिक प्रसारण शुल्कातला तिचा वाटा ६ युरो. हे शुल्क महिना १८.३६ युरो असून ते माणशी नसून घराला एकदा असते. पत्त्याची नोंदणी झाली की काही आठवड्यांत त्याचे पत्र येते. घरातले कोणी आधीच भरत असेल तर त्याचा खातेक्रमांक कळवून उत्तर द्यावे लागते. उत्तर दिले नाही तर आपल्या नावाने वेगळी मागणी सुरू होते आणि थकबाकी साचते. एकूण ९४३. हाती पन्नासेक युरो उरत, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात अनामतीचे उरलेले दोन हप्तेही द्यायचे होते. ते घरून आणलेल्या पाचशेतून आणि मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, स्वस्त जेवणावर निघाले.

## अभ्यासाचा करार

या सगळ्या धावपळीत ऑक्टोबरचे शेवटचे दोन आठवडे गेले. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी अदलाबदल योजनेच्या नमुन्यावरच्या करारात बदल सुचवायला सत्र सुरू झाल्यापासून पाच आठवडे मिळतात, आणि तिच्या दोन्ही विद्यापीठांनी तोच नियम धरला होता. तिने समन्वयकांना पहिला मेल लिहिला तेव्हा चौथा आठवडा चालू होता.

श्रम अर्थशास्त्राची जागा रिकामीच होती. सार्वजनिक वित्ताबाबत तीन वाटा होत्या. जर्मन तास समजो न समजो, पुस्तकावर भिस्त ठेवून परीक्षेला बसायचे. किंवा शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठात नेबेनह्योरर, म्हणजे पाहुणी विद्यार्थिनी, म्हणून एखादा विषय घ्यायचा. किंवा आपल्याच विद्यापीठात जागा असलेले सेमिनार शोधायचे. पहिल्या वाटेत धोका मोठा होता, कारण परीक्षेतले प्रश्न यूबुंगमधल्या उदाहरणांवरच बेतलेले असतात. दुसरी चांगली होती, पण तिथल्या अर्जाची मुदत उलटून गेली होती. तिसऱ्या वाटेने युरोपीय आर्थिक एकीकरणावरचे एक सेमिनार मिळाले : ६ श्रेयांक, एक सादरीकरण आणि पंधरा पानांचा लेखी प्रबंध, मुदत ३१ मार्च. प्राध्यापकांना तिने स्वतः भेटून विचारले. सेमिनारच्या जागा यादीवर भरलेल्या दिसल्या तरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळती होते, आणि समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला जागा मिळण्याची शक्यता मेलपेक्षा किती तरी जास्त असते.

उरलेले तीन विषय म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स, गेम थिअरी आणि जर्मन भाषा जसेच्या तसे राहिले. सेमिनार धरून बेरीज २४ झाली, म्हणजे नेमकी किमान अट. एकाही विषयात घसरण परवडणार नव्हती. पाचवा विषय घ्यावा का, यावर तिने आणि समन्वयकांनी विचार केला आणि नको ठरवले. पाचव्या आठवड्यात नवा विषय धरून सगळ्यांचीच ओढाताण होण्यापेक्षा चार नीट करावेत, हा निर्णय आम्हाला पटतो. मात्र राखीव विषय न उरणे ही ऑक्टोबरमधल्या चालढकलीची किंमत होती.

बदललेल्या करारावर शेवटची सही मुदतीच्या आदल्या दिवशी झाली.

## परीक्षा

जर्मन विद्यापीठांत वर्गासाठी नाव नोंदवणे आणि परीक्षेसाठी नाव नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्रभर पहिल्या बाकावर बसलेला विद्यार्थीही परीक्षेची नोंदणी चुकली तर परीक्षेला बसू शकत नाही. हे तिला वेळेत कळले, कारण भाषावर्गातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने डिसेंबरमध्ये सहज विचारले की नोंदणी केलीस का. ती केलेली नव्हती. नोंदणीची मुदत अजून संपलेली नव्हती.

बऱ्याच लेखी परीक्षांना दोन तारखा असतात, एक व्याख्याने संपताच फेब्रुवारीत आणि दुसरी मार्चच्या उत्तरार्धात. परतीचे तिकीट काढताना हा मुद्दा आला. २० फेब्रुवारीचे तिकीट जवळपास निम्म्या किमतीत मिळत होते आणि मार्चचे भाडेही वाचवता येईल, असा मोह होता. पण खोलीचा करार ३१ मार्चपर्यंतचा होता, ठरल्या मुदतीच्या करारातून मध्येच बाहेर पडता येत नाही, आणि राखीव विषय नव्हता. तिने ३० मार्चचे तिकीट काढले.

फेब्रुवारीत गेम थिअरीत २.३ मिळाले. जर्मन गुणपद्धतीत १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. इकॉनॉमेट्रिक्समध्ये ५.० आले. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याची, म्हणजे आइनझिश्टची, वेळ विभागाने ठेवली होती. ती गेली आणि आपले गुण कुठे गेले ते तिने पानोपान पाहिले : सूत्रे बरोबर, पण निष्कर्षाचे स्पष्टीकरण एका वाक्यात आटोपलेले. तिथे आकड्याच्या उत्तराला थोडे गुण आणि त्याचा अर्थ लावायला जास्त होते. तीन आठवडे तिने जुन्या प्रश्नपत्रिका वाक्यांत सोडवण्याचा सराव केला. २४ मार्चच्या दुसऱ्या तारखेला ३.७ मिळाले.

## निघताना

देश सोडताना पत्त्याची नोंद रद्द करावी लागते. ही आबमेल्डुंग निघण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते आणि निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायची असते. ती टपालाने झाली. तिचा दाखला दाखवून विमा बंद केला आणि प्रसारण शुल्काच्या कार्यालयालाही कळवले. फोन प्रीपेड असल्याने त्याचा प्रश्न नव्हता. बँक खाते मात्र तिने मुद्दाम चालू ठेवले, कारण अनामत त्यातच यायची होती आणि वीज-हीटिंगचा हिशेब होईपर्यंत घर देणारा तिच्यातला काही भाग अडवून ठेवू शकतो.

## परिणाम

चार विषय, २४ श्रेयांक. सेमिनारच्या प्रबंधाला २.० मिळाले, भाषावर्गही पार पडला. गुणपत्रक मात्र जूनमध्ये आले, कारण प्रबंध तपासायला एप्रिल-मे लागले. तोवर तिचा मायदेशातला निकाल अडकून राहिला. गुणांच्या रूपांतराचे कोष्टक विभागाने आधी लेखी दिलेले नव्हते आणि ३.७ चे काय धरायचे यावर दोनदा पत्रव्यवहार झाला.

## काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा फरक खोलीच्या पहिल्या जाहिरातीपाशी पडला असता. भाडे, अंतर, खोलीचा आकार या सगळ्याआधी एकच प्रश्न विचारायचा : नोंदणीचे पत्र मिळेल का? नाही म्हणाले तर ती खोली दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये आणि त्या दोन आठवड्यांतला रोजचा दिवस खरी खोली शोधण्यात घालवावा. तिने चार आठवडे घेतले आणि पहिले दोन शहर बघण्यात गेले.

बँकेची कोंडी नोंदणीशिवायही फुटू शकली असती. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कोणालाही, कायमचा पत्ता नसला तरी, जर्मनीत बाझिसकोंटो हे मूलभूत खाते मागण्याचा हक्क आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते द्यायचे असते. टपाल येण्याजोगा पत्ता तेवढा लागतो. काउंटरवरचा माणूस हे स्वतःहून सुचवत नाही, खात्याचे नाव घेऊन अर्ज मागावा लागतो. याहून सोपा उपाय निघण्याआधीचा : गोठवलेले खाते उघडतानाच त्यासोबत चालू खाते देणारी संस्था निवडणे.

हातात आणायची रक्कमही नव्याने मोजायला हवी. पहिल्या महिन्याचे भाडे, अनामतीचा किमान एक हप्ता, विम्याचे दोन महिने, सहा आठवड्यांचे जेवणखाण आणि घर लावण्याचा खर्च एवढे धरले तर १,४०० पुरत नाहीत. २,२०० ते २,५०० युरो जवळ असावेत आणि ते एकाच कार्डावर नसावेत.

विषय निवडताना विद्यापीठाच्या विषयसूचीत शेजारी लिहिलेले सत्र पाहावे. मे महिन्यात पुढच्या हिवाळ्याची यादी लागलेली नसते, म्हणून विद्यार्थी गेल्या वर्षीची किंवा चालू उन्हाळ्याची यादी पाहून करार भरतात. श्रम अर्थशास्त्र असेच आत आले. हिवाळ्याची यादी लागली की करार त्याच आठवड्यात पुन्हा तपासायचा, आणि व्याख्यानासोबत यूबुंगची भाषाही बघायची. त्याच वेळी दोन राखीव विषयांना मायदेशातल्या विभागाची मंजुरी घेऊन ठेवली तर नोव्हेंबरमधली घाई टळते. गुणांच्या रूपांतराचे कोष्टकही याच पत्रात मागून घ्यावे. निकाल लागल्यावर मागितले की प्रत्येक गुणावर वाद होतो.

उशिरा तपासल्या जाणाऱ्या प्रबंधासाठी समन्वयकांना मार्चमध्येच कळवून मायदेशातल्या विद्यापीठाकडून तात्पुरत्या निकालाची सोय करून घेता आली असती. तशी तरतूद तिथे होती, पण अर्ज ३० एप्रिलच्या आत करायचा होता.

अनामतीचे ९४० युरो ऑगस्टमध्ये खात्यावर आले. साठ युरो हीटिंगच्या वाढीव बिलापोटी कापले होते आणि त्याचा हिशेब सोबत होता. बुरशीपोटी काही कापले नव्हते. खाते तिने त्यानंतरच बंद केले.